फ्रेममधली आई

"जा बाळा, तुझी स्वप्नं पूर्ण कर." एवढंच सिंधूताईंना म्हणायचं होतं. तुळशीपाशी उभं राहून, डोळ्यांना पदर लावून.

"जाय गा बाबू... पण दोन घास खाऊन जाय," त्या म्हणाल्या.

"कट!" प्रशिक ओरडला. "आई, किती डाव सांगू तुले? जे लिहिलं तेच म्हण ना वं!"

फिल्म त्याची, आई त्याचीच आणि गोष्टही घरचीच. पॉलिटेक्निक सोडून सिनेमा शिकायला निघालेला मुलगा, आणि त्याला निरोप देणारी आई. सदर भागातल्या फिल्मच्या क्लासमध्ये वर्षभर तो लेन्स शिकला, उजेड शिकला, कट कुठे मारायचा ते शिकला. आईलाच आईचं काम जमेना तर काय करायचं, हे सरांनी शिकवलं नव्हतं. आणि फिल्म आज संध्याकाळपर्यंत पुण्याला पाठवायची होती. तिथे ती आवडली तरच पुढच्या कोर्सला प्रवेश. नाहीतर जरीपटक्यात मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसणं आलंच.

नाचता येईना, अंगण वाकडं. प्रशिकने आधी शेजारच्या मिक्सरला शिव्या घातल्या, मग उन्हाला, मग कॅमेरा सांभाळणाऱ्या पायलला. पायल त्याच्याच वर्गातली, ती बिचारी पुन्हा फोकस लावत राहिली. तिच्या मावशीची इरकली साडी नेसून सिंधूताई घामाघूम झाल्या होत्या. तुळस समोरच्या घरून मागून आणली होती. उघड्या दारातून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो फ्रेममध्ये येत होता, म्हणून कॅमेरा दोनदा सरकवून झाला होता.

"मी असं कधी बोलली का वं, पायल?" सिंधूताई म्हणाल्या. "यानं पॉलिटेक्निक सोडलं तवा चांगली भांडली होती मी याच्याशी. दिवसभर तोंड नाई पाह्यलं याचं."

"ते कोणाले पाहायचं हाय!" प्रशिकने हातातले कागद जमिनीवर आपटले. त्याला आता रडूच येत होतं, आणि त्याचाही राग येत होता. "तिथल्या लोकाईले आई अशीच लागते. आपल्या घरातलं दाखवलं तं हसतीन ते! एक वाक्य म्हण ना वं, माह्यासाठी!"

पायलने मान खाली घातली. सिंधूताई भडकल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांनी घाम पुसला, पदर सारखा केला आणि पुन्हा तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हणते बाप्पा, म्हणते," त्या म्हणाल्या. "पण तुहा नंबर लागला, अन् मी तुले भेटाले तिकडं आली, तं मी कोण हाय म्हणून सांगशील गा?"