पुस्तक निघालंच नाही

मंचावर शरयूताईंनी फोन माईकजवळ धरला. लहानपणीच दृष्टी गेलेल्या ताईंना फोनच सगळं वाचून दाखवी. आज त्यांच्या कथांच्या ई-पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि पहिलं पान फोन वाचणार, असं ठरलं होतं.

"चित्र," फोन म्हणाला. त्यांनी पान उलटलं. "चित्र." आणखी एक. "चित्र."

प्रकाशक भागवत ओशाळून त्यांच्या कानाशी वाकले. "ताई, घाईत छापील पानांचे फोटोच फाईलमध्ये घातले गेले, फोटोतली अक्षरं फोनला वाचता येत नाहीत. तुम्हाला कथा पाठ असेलच, तशीच सांगा ना."

"मला पाठ आहे. समोर माझ्या अंधशाळेतल्या मैत्रिणी बसल्यात. घरी त्यांचा फोनही 'चित्र'च म्हणणार, त्यांनी वाचायचं कसं?"

"पुढच्या आवृत्तीत नक्की करू. आता लोक खोळंबलेत."

"आम्ही जन्मभर खोळंबलोय," शरयूताई शांतपणे म्हणाल्या. माईक चालूच होता.

काठी टेकत त्या पायऱ्या उतरल्या आणि मैत्रिणींच्या रांगेत जाऊन बसल्या. भागवत हार हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"आधी पुस्तकात अक्षरं घाला, भागवत," त्या खालूनच म्हणाल्या. "तोवर ते निघालंच नाही."