बेंबीवरचा नवा पैसा

हिर्डोशीच्या घरात धोंडाबाई एकटीच राहायची. उद्याच्या एसटीने ती मुलाकडे पुण्याला कायमची निघणार होती. जाण्याआधी घर सारवताना चुलीपुढे बोटाला जुन्या काळचा एक नवा पैसा लागला.

कडेला कोयत्याचा घाव. तोच.

पहिल्या बाळाची बेंबी फुगली, तेव्हा ती आत बसावी म्हणून तिने तो फडक्याने पोटावर बांधला होता. बाळ तापात गेलं. ओढ्यापलीकडे पुरलं, तेव्हा पैसा पोटावरच होता.

मोबाईल वाजला. मुलगा, गोरख.

"आये, बोचकी बांधलीस का?"

"उद्या न्हाई जमायचं, लेका."

"आता काय? तिथं कुत्रं तरी उरलंय का सोबतीला?"

"ताप हाय."

"तुला?"

पैशाचा तळहाताला चटका बसत होता. तिने त्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली.

"मला न्हाई. हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय."