सात नंबरचा विसावा

सव्वाचार वाजता अक्षताचा फॉर्म तिसऱ्यांदा अडकला. बंगळूरच्या एका संस्थेत तिला पुढचं शिक्षण घ्यायचं होतं, फॉर्म पाचला बंद होणार होता, आणि पडद्यावरची निळी पट्टी बोटभर सरकून हटून बसली होती.

कॅफे तिचाच. राजारामपुरीतली एक खोली, सात कॉम्प्युटर आणि सातांत मिळून नेटची एकच लाइन. कुणीतरी ती लाइन एकट्यानंच ओरपत होतं. दुसरीकडं जावं तर आज खंडेनवमी. बाकी कॅफेवाल्यांनी यंत्रं पुजून कुलपं ठोकली होती.

हिचंही कुलूप निघालं नसतं. तिचे वडील जोतीराम उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही म्हणजे नाही. सकाळी बापलेकीचं तासभर वाजलं आणि शेवटी तोड निघाली. सगळ्यांच्या वतीनं एकट्या सात नंबरनं पूजा आणि विसावा घ्यावा, उरलेल्यांनी कामाला लागावं. सात नंबरवर झेंडूची माळ चढली, हळदकुंकू लागलं, पुढ्यात नारळ बसला. दुपारी जोतीरामांनी तिच्या संमतिपत्रावर एकदाची सहीही केली. महिनाभर तो कागद त्यांच्या उशाखाली पडून होता. त्यात आता हे नेट, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

अक्षता उठली. एक नंबरवर शिरोळचे एक गृहस्थ ट्रॅक्टरचे फोटो बघत होते.

"पावणं, तेवढं बंद करा. सगळं नेट तुमीच खाताय."

"मी? अवो, अर्ध्या तासात एक फोटू, त्यो बी निस्ता चाकापतूर आलाय. इंजिन कवा यायचं?"

तिनं त्यांना बाकावर बसवलं. तीन नंबरवरच्या कॉलेजच्या पोरीचं गाणं बंद केलं, चार नंबरच्या गप्पा तोडल्या. पाच नंबरचा माणूस नुसतं रेल्वेचं वेळापत्रक बघतोय हे दिसत असूनही त्याला उठवलं. दोन नंबर तिचा स्वतःचा. सहा नंबर रिकामाच होता, तरी तिनं त्याचं बटण दाबून खात्री केली. बाकावर चौघं फुरंगटून बसले.

"पोरीचं डोस्कं फिरलंय," शिरोळकर शेजाऱ्याला म्हणाले. हळू बोललो असं त्यांना वाटलं असावं.

पट्टी जिथल्या तिथं. पाचाला वीस कमी. खरंच डोकं फिरायची वेळ आली होती.

मग ती टेबलाखाली शिरली. तिथं सगळ्या वायरी एका चपट्या डबीत येऊन मिळत होत्या. डबीवर प्रत्येक वायरीचा एक दिवा, ज्याचं नेट चालू त्याचा दिवा लुकलुकणार. तिच्या स्वतःच्या वायरीचा दिवा पेंगत होता. बाकीचे गप्प. एकच दिवा वेड्यासारखा फडफडत होता. अक्षतानं त्याची वायर चिमटीत धरली आणि गुडघ्यांवर रांगत, गिऱ्हाइकांच्या चपला बाजूला सारत तिच्या मागं निघाली. वायर संपली तिथं नारळ होता.

"आबा, हा बंद केला नव्हता तुमी?" तिनं दारापाशी बसलेल्या जोतीरामांना विचारलं.

"केला की. बघ, पडदा काळा हाय."

पडदा काळा होताच. अक्षतानं पडद्याचं बटण दाबलं आणि कपाळाला हात लावला. बाळासो नावाचं रोजचं गिऱ्हाईक सकाळी, पूजा मांडायच्या आधीच, कुस्त्यांची अडीच तासांची फिल्म उतरवायला लावून निघून गेलं होतं. फिल्म अजून उतरतच होती.

"आबा, नुसता पडदा घालवलाय तुमी. मशीन सकाळधरनं चालूच हाय."

तिनं मागच्या वायरीला हात घातला, तसे जोतीराम पुढं आले.

"हात लावू नगंस. पूजा मांडलीया. उद्या दसरा झाला की काढ."

"उद्या काढून काय करू? फॉर्म पाचला बंद होतोय."

ते हलले नाहीत. अक्षताचा बांध फुटला.

"महिनाभर सही केली न्हाईसा. आज केलीसा, तर आता ह्ये. मला धाडायचं नसंल तर तोंडावर सांगा आबा, ह्या नारळाआड दडू नका."

बाकावरची चुळबुळ थांबली. जोतीराम खाली वाकले आणि टेबलाखालच्या सात नंबरच्या खोक्यावर त्यांनी तळवा ठेवला. लेथवर असाच हात ठेवून ते बेअरिंगचा ताप ओळखायचे. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"तापलाय," ते म्हणाले. "इसावा म्हणून बसवला, आन गडी दिसभर राबतोय."

आणि ते बाजूला झाले. अक्षतानं वायर उपसली.

पट्टी सरकायला लागली. पाचाला चार कमी असताना पडद्यावर अर्ज मिळाल्याचं आलं, खाली लांबलचक नंबर. तिनं तो दोनदा उतरून घेतला. शिरोळकर न विचारताच आपल्या ट्रॅक्टरपुढं जाऊन बसले होते. अक्षताचा राग पार उतरला आणि चार लोकांत आपण बापाला काय बोललो ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, मगाशी मी..."

"ऱ्हाऊ दे." जोतीरामांनी स्टूल ओढून सात नंबरपुढं घेतलं, माळ उतरवून नारळावर ठेवली आणि दोन्ही हात धोतराला पुसले. "इकडं ये."

"उद्या बघूया की. आज पूजा हाय त्याची."

"पूजा झाली. तू गेल्यावर ह्ये खरंच बंद कसं करायचं, तेवढं आजच दाखवून ठेव."