तिसरी हाक

"सर, तुम्ही रांगेत काहून उभे राहिले?"

मेघना प्रवेशाच्या कागदपत्र-तपासणीच्या टेबलामागून धावतच आली आणि गुणवंत ढोमण्यांचा हात धरून तिने त्यांना रांगेतून बाहेर काढलं. "अगं, ऐक तरी," असं ते म्हणेपर्यंत तिने त्यांना टेबलापलीकडे, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलंसुद्धा. शिवाय चहा मागवला. "या वर्षी कोणाला घेऊन आले, सर? विद्यार्थी कुठाय तुमचा?"

"आहे, इथंच आहे," गुणवंतराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मेघना त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता या पदवी कॉलेजात प्राध्यापक. गुणवंतराव तेवीस वर्षं घमापुरातल्या एका दोन वर्षांच्या लॅब टेक्निशियन डिप्लोमा कॉलेजात प्रॅक्टिकल शिकवत होते. डिप्लोमावाल्यांना इथं पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणून दर वर्षी ते दोन-तीन हुशार मुलांना घेऊन यायचे. त्यांचे फॉर्म भरायचे, कागद लावून द्यायचे, घाबरलेल्यांना समोसा खाऊ घालायचे. प्रवेश पक्का झाला की मुलं प्रयोगशाळा बघायला जिना चढून पळायची आणि सर ऑटो पकडून घरी यायचे. त्या जिन्याच्या वर काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मुलं सुट्टीत भेटायला आली, की ते खोदून खोदून विचारत. वर मशीन कोणती आहेत? आणि शिकवतात कसं? ऐकता ऐकता त्यांचा डबा तसाच राहायचा.

कारण त्यांचं स्वतःचं शिक्षण त्या डिप्लोमापाशीच थांबलं होतं. एकविसाव्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, मिळेल ती नोकरी धरावी लागली, आणि पुढे वय निघून गेलं. या वर्षी वयाची अट उठली. शेहेचाळीस वर्षांच्या गुणवंतरावांनी ती सूचना चारदा वाचली. पहिला फॉर्म वाया गेला, कारण सवयीने त्यांनी आपलं नाव 'शिफारस करणारे शिक्षक' या रकान्यात लिहिलं. दुसरा फॉर्म त्यांच्या बायकोने, मनीषाने, आणला. बिनपगारी रजाही मंजूर झाली. "घर मी पाहते," ती सकाळीच म्हणाली होती, "तुम्ही फक्त लाजू नका."

आणि ते आता नेमकं तेच करत होते.

"टोकन नंबर सत्रह!" शिपायाने पुकारा केला.

सतरा नंबर गुणवंतरावांच्याच खिशात होता. नियम साधा होता. तीन हाका मारायच्या, मग फाइल बंद. प्रवेशाची ही शेवटची फेरी होती. ते उठणार, तेवढ्यात मेघना समोरच्या मुलांना म्हणाली, "बच्चो, ये मेरे सर हैं. नस ढूँढ़ना मुझे इन्होंने ही सिखाया." लगेच दोघातिघांनी वाकून सरांचे पाय धरले. पाय धरलेले असताना माणसाला उठता येत नाही. ते आशीर्वाद देत बसले.

"सत्रह!"

"सर, तुमचं एम.एस्सी. सागर युनिव्हर्सिटीचं न?" मेघना चहाचा कप पुढे करत म्हणाली. "मी परवाच स्टाफरूममध्ये सांगून राहिले होते."

फार वर्षांपूर्वी एका मुलाने हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा ते नुसतेच हसले होते आणि डोळा मायक्रोस्कोपला लावला होता. त्या हसण्याचं मुलांनी परस्पर एम.एस्सी. करून टाकलं, आणि सरांनीही ते राहू दिलं. आता वाटलं, चहा प्यावा, घरी जावं आणि मनीषाला सांगावं की जागा भरल्या. कोणाला काही कळणार नाही. तेवीस वर्षांची इज्जत शाबूत राहील. पण नुकताच प्रवेश मिळालेली दोन मुलं धडधडत जिना चढून गेली. त्या आवाजाने गुणवंतरावांना इतकं वर जावंसं वाटलं, की हातातला चहा विसरून ते जिन्याकडे बघत राहिले.

शिपायाने फाइल आणून मेघनापुढे टाकली. "मॅडम, ये सत्रह वाला तो आया ही नहीं. बंद कर दूँ?"

"थांबा, एकदा नाव घेऊन पाहते." मेघनाने फाइल उघडली. "गुणवंत तुळशीराम..." ती अडखळली. तिने फोटो पाहिला. खालची डिप्लोमाची गुणपत्रिका पाहिली. त्याच्या खाली दुसरी कुठलीच गुणपत्रिका नव्हती. मग ती सरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "सर, काही चूक झाली असेल. मी फाइल बाजूला ठेवते न. कोणाला नाही कळणार."

तिने मायेनेच म्हटलं होतं. म्हणून तर ते फार लागलं.

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. खुर्चीतून उठून ते टेबलाला वळसा घालून पलीकडे, मुलं उभी होती त्या बाजूला गेले. मेघना गडबडून अर्धवट उठली.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "हजर, मॅडम."