चहाआधीचा गोल

"काचेत खिळा ठोकणार आहेस की काय?" घड्याळवाल्यांनी खालून विचारलं आणि शिडीवर उभ्या असलेल्या भिंगरीचा हात हवेतच थांबला.

नव्या दुकानाच्या दर्शनी काचेवर त्यांना घड्याळाची तबकडी रंगवून हवी होती. चांगली दोन हात रुंद. बोर्ड रंगवणारे एवढा गोल काढायचा तर मधोमध खिळा ठोकतात, त्याला सुतळी बांधतात आणि सुतळीच्या टोकाला खडू धरून फिरवतात. भिंतीवर जमतं, लाकडावर जमतं. काचेवर खिळा ठोकला, तर उद्घाटन तिथेच उरकलं. भिंगरी सवयीने खिळा-सुतळी घेऊन शिडी चढली होती आणि वर गेल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला होता.

"दहाला माणसं येतील, ताई," घड्याळवाले म्हणाले. "जमत नसेल तर आत्ताच सांग. कोपऱ्यावरच्या स्टिकरवाल्याला फोन करतो. तासाभरात चिकटवून जाईल."

त्या स्टिकरवाल्याने दोन वर्षांत रस्त्यावरचे अकरा बोर्ड गिळले होते. भिंगरीला तीन महिन्यांनी मिळालेलं हे पहिलं काम. हे गेलं की ब्रश धुऊन माळ्यावर टाकायचे, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तिने फुटपाथकडे पाहिलं. तिथे स्टुलावर, मफलर गुंडाळून, तिचे बाबा बसले होते. वय ऐंशी. बावन्न वर्षं बोर्ड रंगवले, पण काचेचं काम कधी घेतलं नाही. "काच बेभरवशाची," एवढंच म्हणायचे. लेकीने हे काम त्यांना न विचारता घेतलं होतं. आता रागावतील असं तिला वाटलं. बाबांनी फक्त एक बोट वर केलं आणि हवेत सावकाश गोल फिरवलं.

"हाताने काढ."

भिंगरी हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. लहानपणी ती अशी काही भिरभिरायची की घरातल्या मांजराने कंटाळून शेजारी बिऱ्हाड केलं. वर्गात तर बाईंनी तिची हजेरी एकाच दिवशी दोनदा मांडली, कारण ती एकाच वेळी दोन बाकांवर दिसली. मग नवव्या वर्षी बाबांनी खिडकीत एक दगडी पाटी ठेवली.

"रोज एक गोल. हाताने. चहाआधी."

"दोन काढले तर?"

"मग उद्याचा आजच संपेल. उद्या काय करशील?"

रोज सकाळी ती उठायची तेव्हा पाटी ओली असायची. बाबांनी आपल्यासाठी पुसून ठेवली, असं तिने धरलं होतं. ती फ्रॉकने पाटी कोरडी करायची आणि श्वास धरून गोल काढायची. मग बाबा चहाचा कप घेऊन यायचे, मान तिरकी करायचे आणि निकाल द्यायचे. "बटाटा." बटाट्याची दोन वर्षं गेली. मग पपई लागली, ती चांगली चार वर्षं. ताप असला तरी एक गोल. परीक्षा असली तरी एक गोल. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा पाटी ओली होती. भिंगरीने गोल काढला. त्या सकाळी बाबा कप तिच्यापुढे ठेवून नुसते उभे राहिले.

एवढ्या वर्षांत "छान" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. अलीकडे गाडी "डावीकडे जरा पोट सुटलंय" इथवर आली होती. आज सकाळचा निकालही तोच होता. पाटी पुसताना भिजलेलं ओढणीचं टोक अजून दमट होतं.

भिंगरीने खिळा खिशात टाकला. ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळवला. श्वास धरला. रस्ता, हॉर्न, स्टिकरवाला, सगळं बाजूला झालं. उरली फक्त ती खिडकी आणि मागे कपाची किणकिण. हात एकदा फिरला. रेघ जिथून निघाली होती तिथेच, न अडखळता, परत आली.

घड्याळवाल्यांनी टेप काढली. आठ बाजूंनी मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. एक मुंगी त्या रेघेवर चढली ती म्हणे अजून फिरतेच आहे, तिला शेवट सापडत नाही. दुकानातली दोन बंद घड्याळं लाजून चालू झाली असंही सांगतात. दोन जरा जास्तच होतात. एक मात्र खरंच चालू झालं.

"बाबा?" भिंगरीने वरून हाक मारली.

"डावीकडे जरा..." बाबांनी सवयीने सुरुवात केली आणि ते थांबले. मफलरने डोळे पुसले. "छान आहे गं."

ती भराभर खाली उतरली. त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"खरं सांगा, तुमचा असा पहिला गोल कितव्या वर्षी जमला?"

"माझा?" बाबा गालात हसले. "माझी अजून पपईच चाललीये."

"चेष्टा पुरे हं. तुम्हाला येत नसता तर मला कसं शिकवलं असतंत?"

"मी कुठे शिकवलं? नुसती सोबत केली." बाबांनी तिच्या ओढणीचं दमट टोक हातात घेतलं आणि बोटांनी चाचपलं. "बेचाळीस वर्षांत तुला पाटी एकदा तरी कोरडी मिळाली का?"