बिट्टीचा आकडा

शाळेतल्या खेळाच्या बाईंचा फोन आला तेव्हा बिट्टीची आई एका कोटाच्या बाहीला अस्तर लावत होती. आठवड्यातला हा तिसरा फोन.

"बिट्टीला धाप लागलीय. घेऊन जाता का?"

"पळवलं असेल तुम्ही."

"नाही हो, नुसती बाकावर बसलीय. काही सांगतही नाहीये. मलाच दिसतंय."

"बाई, सकाळी आकडा दोनशे नव्वद होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तुम्ही असे लाड केलेत तर ती आमच्या डोक्यावर बसेल."

तिनं फोन ठेवला. मशीनची पट्टी उघडली, सवयीनं आत एक जोरदार फुंकर मारली, अडकलेली लव उडाली, आणि ती पुन्हा शिवायला बसली. वीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला न फुंकता टाका घालवत नाही.

पण टीप वाकडी जात होती. दोन वर्षं तिनं या पोरीच्या दम्यापायी दवाखान्याचे उंबरे झिजवले होते. रात्र-रात्र उशाशी बसली होती. आणि आता पोरगी नाटकं करते आणि शाळा तिला टाळ्या वाजवते, हे तिला सहन होत नव्हतं.

नाटकं, हे ती आपल्या मनानं म्हणत नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातल्या सिस्टरनी श्वासाचा जोर मोजायची एक नळी दिली होती. नळीत जोरात फुंकलं की लाल काटा वर सरकायचा आणि जिथवर गेला तिथंच थांबायचा, हातानं खाली आणेपर्यंत.

"काही मुलांची छाती भरते आणि त्यांना पत्ता नसतो," सिस्टर म्हणाल्या होत्या. "काहींना काही नसताना दम लागल्यासारखं वाटतं. आपली बिट्टी कुठल्यातली, ते बघू. आधी तिनं अंदाज लिहायचा, मग फुंकायचं. अंदाज लिहीपर्यंत नळीकडे बघायचं नाही. आकडा दोनशे चाळीसच्या खाली गेला, की पंप द्यायचा."

तिनं एक वेळ चुकवली नाही. नळी दोऱ्यांच्या रिळांशेजारी खणात असायची. रोज सकाळ-संध्याकाळ ती नळी काढायची, काटा शून्यावर आणायची, एक फुंकर मारून लव उडवायची. तोवर बिट्टी भिंतीकडे तोंड करून वहीत अंदाज लिहायची. मग बिट्टी फुंकायची आणि आई आकडा मोठ्यानं वाचायची.

पहिल्या आठवड्यात बिट्टीनं एकशे ऐंशी लिहिलं. काटा दोनशे नव्वदवर. दुसऱ्या दिवशी एकशे सत्तर. काटा दोनशे पंच्याऐंशीवर.

"पण आई, छाती जड झालीय गं."

"तुला वाटतंय तसं. सिस्टर काय म्हणाल्या, आठवतंय ना?"

"पंप दे ना थोडा."

"आकडा बघ. पंप काय गोळ्या-बिस्किटं आहेत?"

दहा वर्षांची पोर आकड्याशी काय भांडणार? तिसऱ्या आठवड्यात तिनं एकशे साठ लिहिलं, ते खोडलं आणि दोनशे नव्वद केलं. नंतर खोडायचीही गरज उरली नाही. "मला कळतच नसेल मग," ती म्हणाली. त्या दिवशी आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. शिकली एकदाची, असं तिला मनापासून वाटलं होतं.

तासाभरात पुन्हा फोन वाजला. बाईंनी कुणाला न विचारता बिट्टीला दवाखान्यात नेलं होतं.

ती पोचली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बिट्टी खाटेवर बसली होती. वाफेचा मास्क नुकताच काढला होता, ओठांना रंग येत होता. खेळाच्या बाई शेजारी तिचं दप्तर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती बाईंवर तुटून पडली. "माझी मुलगी आहे ती. तीन आठवडे मी तिला शिकवतेय, आणि तुम्ही एका दिवसात सगळ्यावर पाणी फिरवलंत."

बाईंनी मान खाली घातली. "तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता हो. मला नाही बघवलं."

"ही बघा वही." तिनं ती सिस्टरपुढे आपटली. "एकवीस दिवस. एकदाही आकडा दोनशे ऐंशीच्या खाली नाही. आणि या बाईंना दिसतो म्हणे दम. तुम्हीच सांगा यांना."

सिस्टरनी सगळी पानं नीट पाहिली. खोडलेल्या एकशे साठवर त्यांचं बोट जरा थांबलं. "आणली तेव्हा ती दोन शब्द सलग बोलू शकत नव्हती," त्या म्हणाल्या. "नळी आणलीय?"

"बरोबरच असते माझ्या."

"मग घरी करता तसंच करून दाखवा. अगदी तसंच."

"दाखवते की. बिट्टी, अंदाज लिही. खरा लिही."

बिट्टीनं पेन घेतलं. भिंतीकडे वळली. एकदा मागं वळून आईकडे पाहिलं आणि दोनशे नव्वद लिहिलं.

आईनं पिशवीतून नळी काढली, काटा शून्यावर आणला, सवयीनं आत फुंकर मारली आणि नळी मुलीपुढे धरली.

"थांब, बाळा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नळी मधल्या मध्ये घेतली आणि आईच्या डोळ्यांसमोर धरली.

काटा दोनशे नव्वदवर होता. बिट्टीनं अजून नळीला तोंडही लावलं नव्हतं.