हुजैफाची शेवटची चढाई

गजाने हुजैफाचा घोटा धरला आणि चादर पिळावी तसा पिळला. हुजैफा तोंडावर आपटला. दातांत माती आली, ओठ फाटला. पंचाने शिट्टी मारली तरी गजाने लगेच सोडलं नाही. उठता उठता त्याने गुडघा बरगडीत घातला आणि वर हात पुढे केला, जणू मोठा उपकार करतोय.

हुजैफानेही काही हातचं राखलं नव्हतं. आधीच्या चढाईत त्याने गजाच्या छातीत अशी लाथ घातली होती, की तो आडदांड पोरगा रेषेबाहेर बसून खोकत राहिला. कर्जतला जिल्ह्यातल्या कॉलेजांची फायनल चालली होती. कबड्डी नावाला, बाकी उघड मारामारी. गजाची कुंभिवलीची पोरं एका गुणाने पुढे होती आणि हुजैफाच्या कशेळ्याच्या पोरांच्या अंगावर धड कातडं उरलं नव्हतं.

हुजैफाचा हा शेवटचा सामना. बारावी झाली की कॉलेजची कबड्डी संपली. अब्बांनी टेंपोची चावी त्याच्यासाठी आधीच खुंटीला लावून ठेवली होती. त्याला आज कप हवाच होता, पण स्वतःसाठी नाही. दोरीपलीकडे चाकाच्या खुर्चीत त्याचा मोठा भाऊ रिझवान बसला होता. कोपऱ्यात असा पकड करणारा गडी कशेळ्याने पुन्हा पाहिला नाही, असं लोक अजून म्हणतात. कप त्याच्या मांडीवर ठेवायचा, एवढंच हुजैफाच्या डोक्यात होतं.

दोन वर्षांपूर्वी गावात सराव चालला असताना रिझवानने धाकट्या भावाचीच कंबर धरली होती. वरून पोरांचा ढीग पडला. हुजैफा दम घुमवत सगळा ढीग ओढत गेला आणि मधली रेषा शिवला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. रिझवान उठलाच नाही. आपण खालून ‘मान, मान’ म्हणत होतो, असं त्याने पुढे दवाखान्यात सांगितलं. त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं असणार? दोष कुणाचा नाही, असं गाव म्हणालं, अम्मी म्हणाली, रिझवान स्वतःही म्हणाला. तरी त्याला घास भरवताना हुजैफाला त्याच्या डोळ्यांत बघता यायचं नाही. ही गोष्ट कशेळ्यापासून कुंभिवलीपर्यंत सगळ्या खेळाडूंना ठाऊक होती.

"शेवटची चढाई हाय," कुंभिवलीचा एक गडी टिपून बाद झालेल्या हुजैफाला परत आत घेताना कप्तान किशोर त्याच्या कानाशी म्हणाला. "मेलास तरी चालंल, पण रेषा शिव."

हुजैफाने मातीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत आत शिरला. घोटा सुजला होता, पाय टाकला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्याने डावीकडे झुकांडी दिली आणि उजव्या कोपऱ्यातल्या गजाच्या कानशिलावर पालथा हात ठेवून दिला. हा नुसता स्पर्श नव्हता, थप्पडच होती. पुढच्याच क्षणी गजाने त्याच्या कमरेला मिठी मारली. बाकीचे वर कोसळले. कुणाचं तरी कोपर नाकावर बसलं, नाक फुटलं. रक्त घशात उतरू लागलं. तरी तो कबड्डी म्हणत राहिला, कारण चढाईत तोंडातून दुसरा एक शब्द निघाला की गडी बाद.

तो सरपटत निघाला. गजा खाली, बाकीचे वर, आणि मध्ये हुजैफा. किशोर पलीकडून गुरासारखा ओरडत होता. मधली रेषा वीतभर राहिली. गजाची मान हुजैफाच्या छातीखाली दबली होती. शेवटचा एक हिसका, की कप त्यांचा.

तेवढ्यात खालून आवाज आला, अगदी कानाशी.

"मान गेली रं माझी. मान."

हुजैफाचा हात रेषेच्या अलीकडे थांबला.

"उठा," तो म्हणाला. मग जिवाच्या आकांताने ओरडला, "उठा सगळे. मान हाय ह्याची खाली."

पंचाची शिट्टी वाजली. दम तुटला, गडी बाद, सामना कुंभिवलीचा. ढीग उकलला. सर्वांत खालून गजा उठला. त्याने चड्डीची माती झटकली, मान दोन्ही बाजूंना मस्त फिरवून दाखवली आणि दात काढले. "भावाच्या मानेनं हरवला रं ह्याला," तो आपल्या पोरांना म्हणाला.

मग मैदानावर जे व्हायचं तेच झालं. कशेळ्याची पोरं गजावर तुटून पडली. कुणी खुर्ची उचलली, कुणी झेंड्याची काठी. पंचाचा शर्ट फाटला. पण किशोर गजाकडे गेला नाही. तो हुजैफाकडे आला आणि त्याच्या फुटलेल्या तोंडावर ठेवून दिली. हुजैफाने ती मुकाट खाल्ली. त्याला परतून हात उगारावा असं वाटलंच नाही.

लंगडत तो दोरीपाशी गेला. रिझवानचा डावा हात तेवढा चालतो. त्या हाताने त्याने भावाची बनियन धरली आणि त्याला खाली ओढलं.

"मान मोडलेला माणूस असा खणखणीत बोलतो का रं? नाटक होतं त्याचं. मला हितं बसून कळलं. तुला नाय कळलं?"

हुजैफाने दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"कळलं होतं, भाई," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझं ‘मान, मान’ खरं होतं, तेपण कळलं होतं."